मागची पावलं

धोंडीराम पगारेंचा कान एके काळी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात प्रसिद्ध होता. बाहेरून बघायला त्यात विशेष काही नव्हतं, उलट तो जरा पुढे आलेलाच होता. पण पंपाच्या नुसत्या आवाजावरून त्याला बेअरिंगची तब्येत कळायची. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक पंपाच्या अंगावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा, "आठवडाभर चालंल, पुढं नाय." आठव्या दिवशी पंप उघडला की बेअरिंग खरोखर खाल्लेलं निघायचं. इंजिनिअर मंडळी मीटर लावायची, आकडे लिहायची आणि मग हळूच विचारायची, की पगारेंनी ऐकलं का?

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली आणि जेलरोडच्या घरात या कानाला काम उरलं नाही. मग तो मिळेल त्यावर चालू लागला. मिक्सर, शेजाऱ्यांची मोटारसायकल, सोसायटीची पाण्याची मोटर, काहीही सुटायचं नाही. त्यांच्या बायको शकुबाई म्हणायच्या, की या माणसाला कुणी एक पंप आणून द्या, म्हणजे मी सुटेन. टीव्हीचा आवाज मात्र धोंडीरामांना हल्ली मोठा लागायचा. तो टीव्हीचा दोष, असं त्यांचं ठाम मत होतं.

त्यांची मुलगी तेजल बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला होती. शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून तिने एकेक भाग आणून स्वतः कॉम्प्युटर जोडला होता आणि त्यावर ती खेळायची. खेळ असा, की पाच विरुद्ध पाच. बंदुका घेऊन एखाद्या गोदामात नाही तर पडक्या गावात शिरायचं, समोरच्या पाचांना टिपायचं, आपण टिपलं जायचं नाही. टिपला गेला तो त्या डावापुरता बाद. आधी तेरा डाव घेईल तो संघ जिंकला. धोंडीरामांनी सुरुवातीला याकडे कानाडोळा केला. पण एकदा चहा द्यायला म्हणून ते तिच्या मागे उभे राहिले आणि त्यांच्या लक्षात आलं, की पोरगी डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त खेळते. भिंतीपलीकडे कुणाची पावलं वाजली की तिची मान आधी हलते आणि बंदूक नंतर. हे आपल्याच घरचं आहे, असं त्यांना वाटलं, आणि त्या दिवसापासून त्यांनी चहाचे दोन कप न्यायला सुरुवात केली.

संघाचं नाव होतं ब्लॅकआउट. हे नाव त्यांना मुळीच पसंत नव्हतं. नाशिकचे दिवे जाऊ नयेत म्हणून ज्याने बत्तीस वर्षं पाळ्या केल्या, त्याच्या मुलीने ब्लॅकआउटमध्ये खेळावं, याला काय म्हणायचं? पण संघ चांगला होता. जिल्ह्याच्या स्पर्धेत तो उपांत्य फेरीही जिंकला, आणि नेमक्या त्याच फेरीत तेजल सात वेळा पाठीमागून टिपली गेली.

संघाचा कप्तान सनी अंबडच्या एका कारखान्यात कामाला होता. वाईट मुलगा नव्हता, पण तोंडाचा सरळ होता. तेजलने सांगितलं, की माझा हेडफोन जुना झालाय, वायर चिकटपट्टीने जोडलेली आहे, मागचं काही कळत नाही. त्यावर तो म्हणाला, की नाचता येईना अंगण वाकडं. गुरुवारी सराव आहे, त्यात पाठीमागून मार खाल्लास तर रविवारी अंतिम सामन्यात तुझ्या जागी समाधान खेळेल. या समाधानला संघात येऊन जेमतेम दोन महिने झालेले. कानामागून आला आणि तिखट झाला, असं शकुबाईंनी त्याचं वर्णन केलं, तेही त्याला कधी न बघता.

तेजल त्या दिवशी जेवली नाही. तीन वर्षं ती या संघात होती. चौघं मुलगे होते तिथे पाचवी म्हणून शिरताना तिने काय काय ऐकून घेतलं होतं ते घरात कुणाला सांगितलं नव्हतं. ती जागा अशी जाणार म्हटल्यावर तिचा चेहरा एवढासा झाला. धोंडीरामांनी विचारलं, हेडफोन नवा घेतला तर?

"कुठला घ्यायचा तेच कळत नाही, पप्पा," ती म्हणाली. "सगळ्यांच्या खोक्यावर सराउंड साउंड लिहिलंय, आवाज चहूबाजूंनी येतो म्हणे. चुकीचा आला तर बदलायला वेळ नाही."

धोंडीरामांची छाती फुगली. आवाजाची पारख करायची आणि त्यांना विचारायचं नाही, असं या घरात होऊच शकत नव्हतं. उद्या मी येतो, ते म्हणाले.

मंगळवारी दुपारी दोघं गंगापूर रोडला निवृत्ती थेटेंच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. माणूस गोड बोलणारा आणि जाणकार होता. तेजलला काय हवंय ते त्याने नीट ऐकून घेतलं: बिनवायरचा हवा, कारण वायर खुर्चीच्या हाताला अडकते, मागचं-पुढचं वेगळं कळणारा हवा, आणि चष्म्यावर दाबणारा नको. मग त्याने तीन नग काढून ठेवले. एक काळा, लाल दिव्यांचा, कानांवर कुकरची झाकणं बसवल्यासारखा. दुसरा पांढरा, चकचकीत आणि सगळ्यांत महाग. तिसरा राखाडी, हलका, कापडी गाद्यांचा, ज्याच्याकडे कुणी दोनदा बघणार नाही असा.

निवृत्तीने एक चित्रफीत लावली. एक हेलिकॉप्टर डोक्याभोवती गोल फिरत होतं. तेजलने काळा हेडफोन चढवला आणि ती हसली. पाठीमागून गेलं, म्हणाली. मग तो धोंडीरामांच्या डोक्यावर चढला.

पात्यांचा आवाज जोरदार होता. हेलिकॉप्टर डावीकडून निघालं आणि एकदम उजवीकडे उगवलं. मधल्या वाटेत ते कुठे गेलं याचा धोंडीरामांना पत्ता लागला नाही. त्यांनी दुसरा लावला, तिसरा लावला. प्रत्येक वेळी हेलिकॉप्टर पाठीमागे जाऊन गडप होत होतं. समोर निवृत्ती आणि तेजल त्यांच्या तोंडाकडे बघत उभे होते.

"काळा घे," ते म्हणाले. "दणदणीत हाय."

तेजलने लगेच मान डोलावली. हाच द्या, असं निवृत्तीला सांगून टाकलं, आणि तो सीलबंद खोकं काढायला आत गेला.

ती दोन मिनिटं धोंडीरामांना फार जड गेली. कामावर असताना कानात बोळे घालायचा नियम होता. साहेबांनी दहादा बजावलं होतं, डबी भरून बोळे दिले होते. पण बोळे घातले की मशीन ऐकू येत नाही म्हणून हे गृहस्थ ते खिशात ठेवायचे. कानाच्या कीर्तीपायी कान घालवला. आज ते पहिल्यांदा स्वतःशी कबूल करायची वेळ आली होती, आणि त्यांना लाज वाटली, खूप लाज वाटली. गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं. पण गुरुवारी पोरीची पाठ उघडी पडली असती.

"थांब," ते म्हणाले. "तो नको घेऊ. मला मागचं ऐकू येत नाय, तेजू. कोणत्याच हेडफोनात नाय. मी नुसता मोठा आवाज बघून सांगितलं."

तेजल त्यांच्याकडे बघत राहिली. टीव्हीचा आवाज, दारावरची बेल, हाक मारली तरी न वळणारी मान, हे सगळं तिच्या डोळ्यांसमोरून गेलं असणार. 

"मग कान माझे घ्या," ती म्हणाली, "आणि डोकं तुमचं लावा."

आता डोकं लावायचं म्हणजे काय, हे धोंडीरामांना सांगावं लागत नव्हतं. वीज केंद्रात एक गोष्ट कानापेक्षाही मोठी मानतात, ती म्हणजे लॉगशीट. दर तासाला फिरायचं, रीडिंग घ्यायचं, रकान्यात लिहायचं, खाली सही करायची. मनाला वाटलं ते लिहायचं नाही, दिसलं ते लिहायचं. आणि रिकाम्या चालणाऱ्या मशीनवर कधीही भरवसा ठेवायचा नाही, भार दिल्यावर ती काय करते ते बघायचं. हेलिकॉप्टरची चित्रफीत म्हणजे रिकामं मशीन, असं त्यांनी खोकं घेऊन बाहेर आलेल्या निवृत्तीला समजावलं. खेळच लावा, म्हणाले.

दुकानात गिऱ्हाइकांसाठी दोन कॉम्प्युटर मांडलेले होते आणि दोन्हींवर तो खेळ होता. एकावर तेजल बसली, डोळे मिटून. दुसऱ्यावर निवृत्ती बसला. त्याने आपला गडी खेळात तिच्या गड्याभोवती चालवायचा, धोंडीराम बोट दाखवतील त्या दिशेने, आणि तेजलने नुसत्या पावलांच्या आवाजावरून हात करून दिशा सांगायची. एका जुन्या बिलाच्या पाठीवर धोंडीरामांनी रकाने आखले: पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे, आणि पुढे म्हणजे उत्तर धरून ईशान्य, आग्नेय, नैर्ऋत्य, वायव्य. आठ दिशा, प्रत्येक तीनदा, एकूण चोवीस. शिवाय दोन जादा रकाने. एकात हात करायला उशीर होतो का ते, आणि दुसऱ्यात कानाची गरमी. बेअरिंग अर्धा तास फिरल्याशिवाय त्याचं तापमान कळत नाही, तेव्हा प्रत्येक हेडफोन अर्धा तास डोक्यावर ठेवायचा, असा त्यांनी हुकूम काढला. निवृत्तीने घड्याळाकडे बघितलं आणि खुर्ची पुढे ओढली. मंगळवारची दुपार, गिऱ्हाईक नव्हतं, आणि त्यालाही आता उत्सुकता लागली होती.

काळ्याला चोवीसपैकी अकरा मिळाले. मोठे आवाज त्यात असे घुमायचे, की बारीक पावलं त्याखाली दबून जायची. वर तेजलचा हात दर वेळी क्षणभर उशिरा उठत होता. निवृत्तीने कारण सांगितलं. हा ब्लूटूथवर चालतो, मोबाइलवर गाणी ऐकायला चांगला, पण आवाज किंचित मागाहून येतो. उरलेल्या दोघांना स्वतःची बोटभर खुंटी असते, डोंगल म्हणतात तिला. ती कॉम्प्युटरला लावली की उशीर जवळजवळ नाहीच. अर्ध्या तासाने धोंडीरामांनी तेजलच्या कानाला हात लावला आणि गरमीच्या रकान्यात लिहिलं, 'जास्त'. पांढऱ्याला सतरा मिळाले, पण त्याने चष्म्याची काडी डोक्यात रुतवली. राखाडीला मिळाले बावीस. उशीर नाही, कान थंड.

धोंडीरामांनी खाली तारीख घातली आणि सही केली. निवृत्तीने त्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला. राखाडी हेडफोन आतल्या कपाटात पडून असतो, म्हणाला, दिवे नाहीत म्हणून कुणी मागत नाही.

राखाडी हेडफोन घेऊन घरी येताना दोघं खुशीत होते. तेजलने डोंगल लावलं, हेडफोनचा प्रोग्रॅम उतरवून घेतला आणि तिथे एक प्रश्न आला. सराउंड साउंड खेळातही होता आणि हेडफोनच्या प्रोग्रॅममध्येही. दोन्हीकडे चालू-बंदचं बटण होतं. एक चालू ठेवू की दोन्ही, तिने विचारलं.

आता दुपारी एवढं डोकं चालवलेल्या माणसाने इथेही रीडिंग घ्यायला हरकत नव्हती. पण यश मिळालं की माणूस पुन्हा तोंडाने बोलायला लागतो.

"दोन्ही चालू ठेव," ते म्हणाले. "एकलहऱ्याला एका पंपाच्या जिवावर युनिट चालवलं का आम्ही कधी? एक गेलं तर दुसरं हाय."

संध्याकाळी संघाचा साधा सराव होता. तेजल पाच वेळा टिपली गेली, पाचही वेळा पाठीमागून. पावलं ऐकू येत होती, पण सगळीकडून आल्यासारखी. उजवीकडे वळावं तर गोळी डावीकडून यायची. सनीने आरडाओरडा केला नाही. तो फक्त म्हणाला, की गुरुवारी समाधानलाही तयार राहायला सांगतो. तेजलने हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"हेडफोनचा काही दोष नाही, पप्पा," ती म्हणाली. "मलाच जमत नाही. खेळू दे समाधानला."

सात वेळा मार खाऊनही जी मुलगी हेडफोनला बोल लावत होती, ती आता स्वतःला बोल लावू लागली होती, आणि हे धोंडीरामांना सहन होईना. पोरगी खोटं नव्हती खेळत. दुपारी त्यांनी स्वतः बावीस खुणा केल्या होत्या. दुकानातला कागद खोटा नव्हता आणि संध्याकाळचा सरावही खोटा नव्हता. मग मधे काय घडलं?

बुधवारी सकाळी त्यांनी निवृत्तीला फोन लावला. दुकान नुकतंच उघडलं होतं. त्याने दुकानातून इंटरनेटवर खेळात यायचं आणि कालसारखंच तेजलभोवती फिरायचं, असं ठरलं. तेजल नाखुशीनेच खुर्चीवर बसली. धोंडीरामांनी नवा कागद आखला, फोन कानाला लावून, तेजलला ऐकू जाणार नाही अशा दबक्या आवाजात निवृत्तीला एकेक दिशा सांगितली आणि खुणा केल्या. चोवीसपैकी नऊ.

"बघा," तेजल म्हणाली.

पण धोंडीराम खुशीत आले होते. बिघाड सापडत नाही तोवर वैताग, पण तो हवा तेव्हा पुन्हा घडवून आणता आला की निम्मं काम झालं, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं. त्यांनी कागदावर लिहिलं. मुलगी तीच. हेडफोन तोच. खेळ तोच. चालणारा माणूस तोच. उरला फक्त कॉम्प्युटर. तेव्हा निवृत्तीने त्याच्या कॉम्प्युटरवरचं एकेक बटण वाचून दाखवावं आणि तेजलने इथलं ताडून बघावं. बारा-पंधरा बटणं जुळली. मग निवृत्तीने वाचलं, की खेळातला सराउंड बंद, हेडफोनचा चालू.

"आपले दोन्ही चालू आहेत," तेजल म्हणाली.

धोंडीराम पलंगावर बसले. एका लाइनवर दोन पंप. जो तयार ठेवलेला पंप असतो तो उभा असतो, फिरत नसतो. दोन्ही एकदम एका लाइनवर सोडले तर ते एकमेकांनाच ढकलतात आणि पाणी धड कुठेच जात नाही. नव्या पोरांना हे त्यांनी स्वतः शिकवलं होतं, एकदा नव्हे, शंभरदा. इथेही तेच चाललं होतं. खेळ पावलांना एक दिशा द्यायचा आणि हेडफोन त्याच पावलांना पुन्हा फिरवायचा.

"चूक माझी हाय," ते म्हणाले. "कालचे पाच मार तुझे नाय, माझे हायत. सनीला तसं सांग."

तेजलने सनीला काही सांगितलं नाही. तिने खेळातला सराउंड बंद केला, डोळे मिटले आणि म्हणाली, चला. आग्नेयेला हात आग्नेयेला गेला, मागे पावलं वाजताच हात खांद्यावरून मागे गेला. चोवीसपैकी तेवीस. मग धोंडीरामांच्या आग्रहाखातर उलटंही करून बघितलं, खेळातला चालू आणि हेडफोनचा बंद. वीस. यापुढे जे ठरेल ते कागदावर ठरेल, तोंडाने नाही, असा त्यांनी कानाला खडा लावला. शकुबाई दारात उभ्या राहून हे सगळं बघत होत्या. पोरगी हवेत हात करतेय आणि नवरा खुणा करतोय, हे बघून त्यांनी कपाळाला हात लावला आणि पोहे टाकायला आत गेल्या.

गुरुवारचा सराव दोन तास चालला. धोंडीराम मागे स्टुलावर बसून होते. चौथ्या डावात तेजलची मान एकदम वळली आणि पाठीमागून येणारा गडी आडवा झाला. आठव्या डावात पुन्हा तसंच झालं. अकराव्या डावात तिने दोघांना टिपलं आणि तिसरा कुठल्या दारातून येतोय ते सनीला आधीच सांगून टाकलं. पाठीमागून ती एकदाही मेली नाही. सराव संपला. सनी म्हणाला, "रविवारी नऊला ये. उशीर नको." माफी वगैरे त्याने मागितली नाही आणि तेजलला तिची गरजही वाटली नाही. तिने हेडफोन काढला, वडिलांकडे बघितलं आणि दोघं मोठ्याने हसले.

अंतिम सामना गंगापूर रोडच्या एका लॉन्सच्या बंदिस्त हॉलमध्ये होता. आदल्या दिवशी तिथे लग्न झालेलं असावं, कारण नवरा-नवरीच्या खुर्च्या स्टेजच्या कडेला सारून ठेवल्या होत्या आणि छताला झेंडूच्या माळा तशाच होत्या. स्टेजवर समोरासमोर पाच-पाच कॉम्प्युटर, मागे मोठा पडदा, खाली चार-पाचशे पोरं. धोंडीराम इस्त्रीच्या शर्टात आणि शकुबाई निळ्या साडीत दुसऱ्या रांगेत बसले. एवढ्या गर्दीत पन्नाशी ओलांडलेले तेवढे दोघंच. खेळाडूंना इथे खऱ्या नावाने कुणी ओळखत नव्हतं. सूत्रसंचालक प्रत्येकाचं खेळातलं नाव पुकारत होता. तेजलला तो शॉर्टसर्किट म्हणत होता, आणि ते नाव पडद्यावर आलं की मागची पोरं शिट्ट्या मारत होती. ही आपलीच का, शकुबाईंनी विचारलं. आपलीच, धोंडीराम म्हणाले, आणि शिट्ट्यांचं काय करावं ते न कळून त्यांनी शर्टाची कॉलर नीट केली.

समोरचा संघ तयारीचा होता. ब्लॅकआउटचे पहिले तीन डाव गेले, मग चार आले, मग दोन गेले. असं करत करत बारा-बारा झाले. शेवटचा डाव उरला. त्या डावात पहिल्याच मिनिटात सनी बाद झाला, त्याच्या पाठोपाठ दुसरा, मग तिसरा. समोरचेही दोघं तोवर पडले होते, चौथ्याने जाता जाता त्यांच्या तिसऱ्याला नेलं. ब्लॅकआउटची एकटी तेजल उरली आणि समोरचे दोघं.

पडद्यावर प्रेक्षकांना सगळं दिसत होतं. तेजल एका गोदामात पेट्यांच्या आड उभी होती. एक जण समोरच्या दरवाजाकडून मुद्दाम गोळ्या झाडत तिला गुंतवून ठेवत होता. दुसरा मागच्या खिडकीतून आत उतरला होता आणि पावलं दाबत तिच्या पाठीशी येत होता. दहा पावलं, आठ, सहा. अख्खा हॉल ओरडत होता, मागे बघ म्हणून, पण तेजलच्या कानावर हेडफोन होता आणि हॉलमधलं तिला काही कळायची सोय नव्हती. धोंडीराम उठून उभे राहिले.  शकुबाईंनी त्यांचा शर्ट मागून घट्ट धरला.

पडद्यावरची गोदामाची भिंत गर्रकन फिरली. तेजलने समोरच्याला सोडून दिलं होतं. मागचा गडी पेटीमागून अर्धा बाहेर आला आणि जागीच कोसळला. ती तशीच खाली बसली, डावीकडे सरकली आणि थांबली. गोळ्या झाडणाऱ्याला वाटलं, की ती अजून मागच्या बाजूलाच वळलेली आहे. तो बिनधास्त आत आला. त्याच्या तिसऱ्या पावलाला तेजलची गोळी सुटली.

पडद्यावर तेरा-बारा आलं. सनी खुर्ची मागे पाडून उठला आणि टेबलावर मूठ आपटत राहिला. चौघं तेजलकडे धावत गेले. पोरं खुर्च्यांवर चढली, कुणी माळेतली झेंडूची फुलं ओढून स्टेजवर फेकली. शकुबाईंनी शर्ट सोडला आणि पदर डोळ्यांना लावला. शेजारच्या अनोळखी मुलाने धोंडीरामांना मिठी मारली आणि त्यांनीही ती मारू दिली.

चषक देताना सूत्रसंचालकाने कप्तानाला पुढे बोलावलं. सनी दोन पावलं पुढे आला, थांबला, मागे वळला आणि त्याने तेजलच्या पाठीवर हात ठेवून तिलाच पुढे ढकललं. सूत्रसंचालक म्हणाला, की सकाळपासून आम्ही शॉर्टसर्किट, शॉर्टसर्किट करतोय, आता पुण्याला राज्य पातळीवर जाणार, तेव्हा खरं नाव कळू दे. त्याने माइक तिच्यासमोर धरला.

तेजलने हेडफोन मानेवर सरकवला. दुसऱ्या रांगेकडे बघितलं. आणि शाळेच्या हजेरीत सांगावं तसं पूर्ण नाव सांगितलं.

"तेजल धोंडीराम पगारे."

सूत्रसंचालकाने ते तसंच, सगळंच्या सगळं, मोठ्याने पुन्हा पुकारलं, आणि चारशे-पाचशे पोरांनी त्याच्यामागून पुकारलं. आयुष्यात धोंडीरामांचं नाव इतक्या लोकांनी एकदम कधी घेतलं नव्हतं. ते टाळ्या वाजवायचं विसरून तसेच उभे राहिले, डोळे भरून आलेले, आणि शकुबाईंनी खाली बसा म्हटलं तरी बसले नाहीत.